संगणकाचे बिऱ्हाड हलवताना

गुरुजी, शाळेच्या कचेरीतला तुमचा संगणक बटण दाबल्यावर जागा व्हायला किती वेळ घेतो? प्रार्थना झाली, हजेरी झाली, तरी पडद्यावरचे ते ठिपके आपले गोल फिरताहेतच! असं असेल तर पुष्कळदा दोष संगणकाच्या मेंदूचा नसतो, त्याच्या कोठाराचा असतो.

जुन्या संगणकात हे कोठार म्हणजे हार्ड डिस्क. पेटीच्या आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा गरगर फिरतात, आणि ग्रामोफोनच्या सुईसारखा एक बारीक हात त्यांच्यावरून सरकत माहिती हुडकतो. फरक एवढाच की ही सुई तबकडीला टेकत नाही. टेकली की घात झालाच. असे पहिले यंत्र आयबीएम कंपनीने १९५६ साली अमेरिकेत बाजारात आणले. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या त्यात, आणि मावत किती होते? आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो!

नव्या एसएसडीत फिरणारे काहीच नाही. चिपांमध्ये विजेचा सूक्ष्म भार कोंडून ठेवायचा, तीच तिची आठवण. हात सरकण्याची वाट पाहायला नको, म्हणून जुनाच संगणक एकदम चपळ होतो.

आता पेटी बदलणे सोपे आहे, मंडळी. चार स्क्रू आणि दोन वायरी. अवघड आहे ते आतले बिऱ्हाड हलवणे. नुसती फोल्डरे उचलून नव्या पेटीत टाकली तर संगणक सुरू होत नाही, कारण सुरू होण्याच्या सूचना वेगळ्या, झाकलेल्या खणात असतात. म्हणून सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करावी लागते. तिला क्लोन म्हणतात. काही एसएसडी कंपन्या यासाठी स्वतःचा प्रोग्राम फुकट देतात. क्लोनझिला नावाचाही एक फुकट मिळतो. नक्कल मात्र तंतोतंत असते बरं का! जुन्या घरातला व्हायरसही नव्या घरात राहायला येतो. तेव्हा आधी झाडलोट करावी.

हा प्रोग्राम दोन प्रश्न विचारतो : कोठून घेऊ? कोठे ठेवू? एका शाळेत मी स्वतः पाहिलेले सांगतो. दोन्ही डिस्क ५०० जीबीच्या, पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसत होत्या. घाईत उत्तरे उलटी दिली गेली. झाले! रिकाम्या डिस्कची नक्कल भरलेल्या डिस्कवर उतरली. जनरल रजिस्टर कागदावर होते म्हणून दाखले तरी निभावले. पण मागच्या वर्षांची निकालपत्रके आणि शिष्यवृत्तीच्या याद्या गेल्या. त्या शाळेतल्या बाई पुढे कितीतरी दिवस शाळा सुटल्यावर टाइप करीत बसलेल्या असत.

म्हणून आधी हे करा. महत्त्वाच्या फाइली तिसऱ्याच ठिकाणी, बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर, उतरवून घ्या. त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. मग दोन्ही डिस्कांवर छापलेले नाव आणि क्रमांक कागदावर लिहून घ्या, आणि बटण दाबण्यापूर्वी दुसऱ्या कुणाला तरी ते मोठ्याने वाचायला लावा. जुन्यातला माल नव्यात मावतो ना, तेही बघा. विंडोजमध्ये बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ आकडी किल्ली आधी टिपून घ्या. आणि वीज! नक्कल तासन्‌तास चालू शकते. लोडशेडिंगची वेळ टाळा, इन्व्हर्टरवर लावा. जुनी डिस्क कटकट आवाज करीत असेल तर क्लोनच्या फंदात लगेच पडू नका. तिचा श्वास चालू आहे तोवर आधी फाइली काढून घ्या.

नक्कल झाली की संगणक बंद करा, वीज काढा, जुनी डिस्क सोडवा आणि एकट्या नव्या डिस्कवर सुरू करून बघा. दोन्ही जोडलेल्या राहिल्या तर संगणक गुपचूप जुनीवरूनच चालेल आणि तुम्हाला वाटेल, काम फत्ते! निकालाची फाइल उघडते का, प्रिंटर चालतो का, मराठी टाइप होते का, हे सगळे तपासा.

जुनी डिस्क निदान महिनाभर पुसू नका. तारखेची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा. मात्र बाहेरची ती तिसरी प्रत कायमच हवी, कारण एसएसडीतून पुसलेली फाइल सहसा परत मिळत नाही. आणि महिन्यानंतर जुनी डिस्क भंगारात द्यायची झाली, तर ती पुरती पुसल्याशिवाय देऊ नका. तिच्यात पोरांची नावे, जन्मतारखा आणि आधारचे आकडे असतात.