विश्लेषण : कोणती अट तपासली, कोणती राहिली? सॉफ्टवेअर चाचणीतला ‘ट्रेसेबिलिटी रिपोर्ट’ काय सांगतो?

अमरावतीच्या राजापेठ परिसरातून दरवर्षी अनेक तरुण अभियंते नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात. त्यांतल्या कित्येकांची सुरुवात सॉफ्टवेअर टेस्टिंगने होते. तिथे पहिल्या काही आठवड्यांतच ‘रिक्वायरमेंट ट्रेसेबिलिटी रिपोर्ट’ हा शब्द कानावर पडतो. वरकरणी ही एक कंटाळवाणी एक्सेल शीट वाटते. पण सॉफ्टवेअर शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब करणार असेल, तर याच शीटला मोल येते.

हा अहवाल म्हणजे काय?

सातबारा डोळ्यांसमोर आणा. उताऱ्यावर नाव किंवा बँकेचा बोजा चढला, की सोबत फेरफार क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून नोंद कशी आली, याचा माग लागतो. ट्रेसेबिलिटी रिपोर्ट सॉफ्टवेअरसाठी हेच करतो. ग्राहकाने सांगितलेल्या प्रत्येक अटीला क्रमांक दिला जातो. त्या अटीसाठी कोणत्या चाचण्या लिहिल्या, त्या पास झाल्या की फेल आणि कोणता दोष अजून उघडा आहे, हे तिच्यासमोर एका ओळीत दिसते.

कर्जमाफीच्या वेळी काय घडले?

जून २०१७ मध्ये राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. आकडा होता ३४ हजार २२ कोटी रुपयांचा आणि मर्यादा दीड लाखाची. अर्ज ऑनलाइन भरायचे होते. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रांचे वाटप सुरू झाले. त्यानंतर बँकांनी याद्या तपासल्या, तेव्हा अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे एकच आधार क्रमांक असल्याचे प्रकार समोर आले. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि रक्कम खात्यात पडण्यास विलंब झाला. पश्चिम विदर्भात ही वाट पाहणे किती जड जाते, हे वेगळे सांगायला नको.

अहवालाचा उपयोग कुठे होतो?

याच योजनेची एक अट उदाहरणादाखल घेऊ. लाभ कुटुंबाला मिळून होता आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व १८ वर्षांखालील मुले. समजा, पतीची थकबाकी ९० हजार आणि पत्नीची ८० हजार आहे. दोन्ही खाती वेगवेगळी तपासली, तर दोघेही मर्यादेत बसतात. एकत्र धरले तर १ लाख ७० हजार होतात, म्हणजे वरचे २० हजार आधी भरावे लागतात. या अटीसमोर फक्त ‘एका खात्याची’ चाचणी दिसली, तर उणीव तिथेच लक्षात येते. ‘एका आधार क्रमांकावर एकच अर्जदार’ या अटीसमोरचा रकाना रिकामा दिसला, तर त्या दिवशी प्रणाली सुरू करायची नाही, हा निर्णय घेता येतो.

नियम बदलला तर?

योजनेत आधी २००९ नंतरची कर्जे होती. २०१८ मध्ये २००१ ते २००९ या काळातले थकबाकीदारही त्यात घेतले गेले. अशा वेळी सगळे सॉफ्टवेअर पुन्हा तपासायला वेळ नसतो. तारखेच्या अटीला कोणत्या चाचण्या जोडल्या आहेत, हे अहवाल दाखवतो आणि निदान तेवढ्या चाचण्या पुन्हा चालवल्या जातात. अहवाल उलटाही वाचता येतो. एखादी चाचणी कोणत्याच अटीला जोडलेली नसेल, तर ती जुनी झाली आहे किंवा कुठली तरी अट लिहायची राहून गेली आहे.

सगळीकडे हे सक्तीचे आहे का?

नाही. पण प्रवासी विमानांतल्या सॉफ्टवेअरसाठीच्या ‘डीओ-१७८सी’ या मानकात अट ते चाचणी हा माग दोन्ही दिशांनी दाखवावा लागतो. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठीही असा माग अपेक्षित असतो. त्यासाठी ‘जिरा’, ‘टेस्टलिंक’ अशी साधने वापरतात. ‘टेस्टलिंक’ मोफत मिळते. छोट्या प्रकल्पाला साधी एक्सेल शीटही पुरते.

मर्यादा कोणत्या?

‘१०० टक्के कव्हरेज’ हा आकडा फसवा ठरू शकतो. अटीला एक चाचणी जोडली, की रकाना भरतो. ती चाचणी कसदार आहे की नाही, हे अहवाल सांगत नाही. दीड लाखाच्या अटीसाठी दीड लाखाहून एक रुपया कमी, नेमके दीड लाख आणि एक रुपया जास्त, अशा किमान तीन चाचण्या हव्यात. शिवाय मुळात अटच लिहिली गेली नसेल, तर तिची ओळच नसते. बँकेकडून आलेली माहितीच चुकीची असेल, तर ती अहवाल दुरुस्त करत नाही. चुकीची माहिती आली तर प्रणालीने ती अडवावी, ही अट आधी कुणीतरी लिहावी लागते.

टेस्टरने काय करावे?

अहवाल शेवटच्या आठवड्यात घाईने भरू नये. अट लिहिली त्याच दिवशी क्रमांक द्यावा. चाचणी लिहिताना तो जोडावा आणि दोष नोंदवतानाही तोच क्रमांक टाकावा. बैठकीत ‘किती चाचण्या पास झाल्या’ एवढेच विचारले जात असेल, तर ‘कोणती अट अजून तपासलेली नाही’ हेही विचारावे. पाचशे चाचण्या पास होऊनही नेमकी कुटुंबाची अट राहून गेली असेल, तर त्याची झळ पोर्टल बनवणाऱ्याला कमी आणि यादीत आपले नाव शोधणाऱ्या शेतकऱ्याला जास्त बसते.