उघडे दार आणि गणिताचा उंबरठा

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या एका वर्गमित्राचा काही महिन्यांपूर्वी दूरध्वनी आला. त्याच्या मुलाने विद्यापीठात न जाता घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात ‘इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास नाव घातले होते. “नातेवाइकांना आम्ही ‘मुलगा इंजिनिअरिंग करतो’ एवढेच सांगतो, शेवटचा शब्द गाळतो,” असे तो हसत म्हणाला. त्या हसण्यातली खंत लपण्याजोगी नव्हती. हा गाळलेला शब्द बोलून चालून एक शब्द. पण त्याच्यामागे शिक्षणाच्या अर्थकारणाचा एक मोठा प्रश्न उभा आहे.

कम्युनिटी कॉलेज ही संस्था मूळची अमेरिकेची. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा भार १९४४ च्या कायद्याने सरकारने उचलला आणि १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी अशी महाविद्यालये असावीत, असा आग्रह धरला. आज त्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. प्रवेशासाठी गुणांची चढाओढ सहसा नाही. दिवसा दुकानात काम करणारा, मुले सांभाळणारी माता, नुकताच त्या देशात आलेला परदेशी, असे सारे तेथे एका बाकावर बसतात. २०२४-२५ साली तेथील शिक्षणशुल्क सरासरी ४,०५० डॉलर होते, तर राज्यातील रहिवाशांना सार्वजनिक विद्यापीठात ११,६१० डॉलर मोजावे लागत होते. शिवाय घरी राहून, नोकरी सांभाळून संध्याकाळी शिकता येते. ज्याला आम्ही अर्थशास्त्रात संधिव्यय म्हणतो, तोही त्यामुळे पुष्कळ घटतो. शुल्कातील फरकापेक्षा ही दुसरी बचतच गरिबाला अधिक मोलाची वाटत असावी.

या अभ्यासक्रमात शिकवतात काय? आरंभ एकदिश प्रवाहाच्या मंडलांपासून, म्हणजे ओहम आणि किरचॉफ यांच्या नियमांपासून. मग प्रत्यावर्ती प्रवाह, डायोड, ट्रान्झिस्टर, अंकीय तर्कमंडले आणि पुढे सूक्ष्मनियंत्रक व कारखान्यातील यंत्रे चालविणारे नियंत्रक. पण विद्यार्थ्याचा बराच वेळ जातो तो प्रयोगशाळेत. मल्टीमीटर कोठे लावावा, ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरील लाटेवरून बिघाड कसा ओळखावा, सोल्डरिंग करताना सांधा ‘थंड’ का राहतो, हे सारे हाताने शिकावे लागते. कागदावर अचूक उत्तर देणारा पदवीधर बंद पडलेल्या यंत्रापुढे गोंधळतो, तेव्हा या मुलांची किंमत कळते. त्यांना कमी प्रतीचे समजणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. आपल्याकडे तो अडाणीपणा बराच जुना आहे आणि तो बोटीने व विमानाने परदेशीही गेला आहे.

तरीही गाळलेल्या शब्दाला अर्थ आहेच. ‘एबेट’ या अधिमान्यता देणाऱ्या संस्थेचे अभियांत्रिकीसाठी एक आणि अभियांत्रिकी तंत्रज्ञानासाठी दुसरा असे स्वतंत्र आयोग आहेत. पहिल्या शाखेचा पाया कलनशास्त्रावर, म्हणजे आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडच्या कॅल्क्युलसवर, उभा असतो. दुसरीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बहुधा बीजगणित व त्रिकोणमितीवर भागतो. नोकरीसाठी तेवढे पुरते. परंतु तीन-चार वर्षांनी त्याच मुलाला अभियंता व्हावेसे वाटले, तर विद्यापीठ त्याच्या पदरी जमा झालेले अनेक विषय मोजतच नाही. त्याला जवळजवळ आरंभापासून सुरुवात करावी लागते. अभियांत्रिकी तंत्रज्ञानाची चार वर्षांची पदवी त्याला घेता येते, पण ती वाट वेगळी.

बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञाने १९६० साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील अशाच महाविद्यालयाचा अभ्यास करून एक कटू निरीक्षण नोंदविले होते. दार सर्वांना उघडे असते. मात्र आत आलेल्यांपैकी अनेकांच्या आकांक्षा समुपदेशनाच्या सौम्य भाषेत हळूहळू थंड केल्या जातात. क्लार्क यांचे म्हणणे आजही पुरते जुने झालेले नाही. २०१५ साली कम्युनिटी कॉलेजात दाखल झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी चार वर्षांच्या संस्थेत पोहोचले आणि सहा वर्षांत पदवी मिळाली ती एकूण सुमारे १६ टक्क्यांना. याच व्यवस्थेतून स्टीव्ह वॉझनिअकही गेला, डी अँझा कॉलेजात शिकला आणि पुढे बर्कलेला पोहोचला, हे खरे. पण असाधारण बुद्धीच्या माणसावरून व्यवस्थेची परीक्षा करू नये.

कोणी म्हणेल, अभियंता होण्याचा हट्ट कशाला? तंत्रज्ञाला मागणी आहे, तेवढे पुरे. या मागणीचेच एक उदाहरण पाहा. अर्धवाहक उद्योगासाठी अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये कायदा करून सुमारे ५२ अब्ज डॉलरची तरतूद केली. त्याच वर्षी जानेवारीत इंटेल कंपनीने ओहायो राज्यात कोलंबसजवळ प्रचंड कारखान्याची घोषणा केली होती. तेथील कम्युनिटी कॉलेजांनी त्यासाठी तंत्रज्ञ घडविण्याचे अभ्यासक्रम आखले. पुढे कारखान्याचे वेळापत्रक लांबत गेले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने पहिला भाग २०३० किंवा २०३१ मध्ये सुरू होईल, असे सांगितले. कारखान्याला पाच वर्षे थांबणे परवडते. दोन वर्षांचा अभ्यास करून घरभाड्याची चिंता करणाऱ्या मुलाला ते परवडत नाही. एकाच कारखान्यापुरते शिकविलेले कौशल्य म्हणजे मालकाच्या धंद्यातली जोखीम कामगाराच्या माथी मारणे होय. गणिताचे आणखी दोन-तीन अभ्यासविषय ज्याच्या गाठीशी आहेत, त्याला निदान दुसरीकडे वळता येते. विमाच तो, आणि हप्ताही फार नाही.

या एका बाबतीत आपली पद्धत अधिक स्पष्ट आहे. महाराष्ट्रात तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळण्याची नियमबद्ध सोय आहे. वर गेल्यावर तोही गणितातच अडखळतो, हा भाग निराळा; पण त्याने केलेले काम मोजले तरी जाते. अमेरिकेत हे त्या त्या राज्याच्या धोरणावर आणि दोन संस्थांमधील करारावर अवलंबून असते. तो करार वाचण्याची सवय अठरा वर्षांच्या मुलाला कोठून असणार?

म्हणून मित्राला मी विचारले, “मुलाने गणित कोणते घेतले आहे?” त्याला ते ठाऊक नव्हते. त्याने मुलाच्याच हाती फोन दिला. “काका, टेक्निकल मॅथ्स घेतलंय,” मुलगा म्हणाला. कॅल्क्युलसचा वर्गही संध्याकाळी असतो, पण मंगळवारी व गुरुवारी. आणि त्याच दोन संध्याकाळी त्याची गोदामातली पाळी असते. पाळी बदलून मिळते का, हे पुढच्या आठवड्यात विचारणार आहे, असे त्याने सांगितले.