पाण्यापर्यंत पोचायचे कसे?

शहरात तळे असणे निराळे आणि तळ्याकाठी निवांत बसता येणे निराळे. नकाशावर निळा ठिपका उमटला, की नगररचनाकाराचे समाधान होते; परंतु गुडघ्यांनी बेजार झालेल्या आजीबाईंना तिथवर जाता येते का, हे नकाशा सांगत नाही. हाच प्रश्न युरोपीय संघाच्या 'ब्लूहेल्थ' प्रकल्पाने २०१६ ते २०२० या काळात हाती घेतला. त्याची धुरा इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाकडे होती.

प्रकल्पातून निघालेले एक साधन म्हणजे काठाच्या पाहणीची प्रश्नावली. पाहणाऱ्याने पाण्यापाशी प्रत्यक्ष उभे राहायचे आणि वाट, बसण्याची सोय, स्वच्छता, सुरक्षितता यांची नोंद करायची. संगणक त्यावरून त्या जागेचे गुणदोष मांडतो. तज्ज्ञांसाठी वेगळी आणि सामान्य रहिवाशांसाठी सोपी, अशा तिच्या दोन आवृत्त्या आहेत. दुसरे साधन संगणकावरील नकाशाचे. नागरिक आपले आवडते आणि नकोसे ठिकाण त्यावर स्वतः दाखवितात. मला हे अधिक मोलाचे वाटते. कारण कोणत्या कोपऱ्याकडे बायका तिन्हीसांजेला फिरकत नाहीत, हे तज्ज्ञाला दुपारच्या पाहणीत कसे कळावे?

प्लिमथ बंदरात टीट्स हिल नावाची बेताच्या परिस्थितीची वस्ती आहे. समुद्र दाराशी, पण किनारा दुर्लक्षित. तेथे फार मोठा घाट घातला गेला नाही. रहिवाशांशी बोलून जागा सुधारण्यात आली आणि एक छोटे खुले प्रेक्षागार उभे राहिले. नेमक्या जागी सुई टोचून अंगभर आराम द्यावा, तशातलाच हा प्रकार. कामाच्या आधी व नंतर लोकांना विचारणा झाली, तेव्हा नंतरच्या उत्तरांत जीवनाविषयीचे समाधान अधिक दिसले.

आपल्या बडोद्यात सुरक्षिततेचा रकाना मात्र कोणालाही घाईने भरता येणार नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात नौका उलटून सहलीला आलेली १२ शाळकरी मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. पाण्यापाशी नेणारी वाट आणि पाण्यातून सुखरूप परत आणणारी व्यवस्था यांचा विचार एकत्रच व्हायला हवा. त्यासाठी नगरपालिकेची वाट पाहण्याचे कारण नाही. एखाद्या महिला मंडळाने कागद-पेन्सिल घेऊन सूरसागराला एक फेरी मारली, तरी पहिली पाहणी होईल. दुसरी अंधार पडल्यावर करावी.