एक साउंड कार्ड, दहा प्रोग्राम : डेस्कटॉपचा आवाज मध्येच कुठे जातो?

वर्ध्याहून नागपूरला निघालात, कानात इअरफोन, मोबाइलवर गाणं सुरू. मॅप बोलायला लागला की गाणं आपोआप खाली जातं, मॅप गप्प झाला की परत वर येतं. कॉल आला की गाणं थांबतं, कॉल संपला की जिथे होतं तिथून सुरू. या सगळ्यात आपण एकही बटण दाबलेलं नसतं. फोनमधल्या अ‍ॅप्सनी आवाज आपसात वाटून घेतलेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग आपण घरच्या किंवा हॉस्टेलवरच्या जुन्या डेस्कटॉपवर बसतो. एका खिडकीत ऑनलाइन लेक्चर, दुसरीकडे एडिटिंगचं सॉफ्टवेअर, ब्राउझरमध्ये यूट्यूब. आणि अचानक लेक्चरचा आवाज बंद. व्हॉल्यूम शंभरवर, स्पीकरचा दिवा लागलेला, पण सर नुसते ओठ हलवतायत. अशा वेळी बहुतेक जण ड्रायव्हर काढून परत टाकतात, नाहीतर थेट विंडोज फॉरमॅट मारतात. बऱ्याचदा त्याची काहीच गरज नसते. कार्ड चांगलं असतं, फक्त ते दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलेलं असतं.

‘धरून ठेवणं’ म्हणजे काय ते आधी बघू. गावातल्या कार्यक्रमाच्या मंडपात अँप्लिफायर एक आणि भोंगे एका ओळीत. पण माइक तीन-चार असतात : एक निवेदकाचा, एक गायकाचा, एक पाहुण्यांसाठी. हे सगळे थेट अँप्लिफायरला जोडत नाहीत. मध्ये साउंडवाला मिक्सर घेऊन बसलेला असतो. तो सगळ्यांचा आवाज एकत्र करून एकच वायर पुढे देतो. मिक्सर नसेल तर ज्याची पिन अँप्लिफायरमध्ये खोचलेली, त्याचाच आवाज. बाकीचे कितीही ओरडले तरी भोंग्यातून काही येणार नाही.

कॉम्प्युटरमध्ये हा मिक्सर म्हणजे चक्क बेरीज आहे. आवाज आत आकड्यांच्या रूपात असतो. व्हिडिओच्या आवाजात साधारणपणे सेकंदाला ४८,००० आकडे असतात, ऑडिओ सीडीत ४४,१००. १६ बिटच्या आवाजात प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ यांच्या मधला. दोन प्रोग्राम एकाच वेळी वाजत असतील तर त्यांचे त्या-त्या क्षणाचे आकडे एकमेकांत मिळवायचे, झालं मिक्सिंग. पण एकाचा आकडा २०,००० आणि दुसऱ्याचा १८,००० असेल तर बेरीज ३८,००० होते, आणि ती तर मर्यादेच्या बाहेर. तिथे आवाज फाटतो. शिवाय एक प्रोग्राम ४४,१०० च्या वेगाने आकडे देत असेल आणि दुसरा ४८,००० च्या, तर बेरीज करण्याआधी दोघांना एका वेगावर आणावं लागतं. म्हणजे हे काम बघायला कुणीतरी बसलेलं हवं.

पूर्वीच्या काही महागड्या कार्डांवर हे काम चिपच करायची. १९९८ मध्ये आलेलं साउंड ब्लास्टर लाइव्ह त्यातलंच. पण नंतर आवाजाची चिप थेट मदरबोर्डवर आली, स्वस्त झाली आणि तिच्यातला मिक्सर गेला. आज तुमच्या पीसीवर बहुधा अशीच चिप आहे. तिला एका वेळी एकच प्रवाह कळतो, त्यामुळे बेरीज सॉफ्टवेअरने करायची. विंडोज ९८ पासून हे काम विंडोजच्या गाभ्यातला मिक्सर करत होता. २००७ साली व्हिस्टा बाजारात आली तेव्हा मायक्रोसॉफ्टने आवाजाची सगळी व्यवस्था नव्याने बांधली. टास्कबारमध्ये प्रत्येक प्रोग्रामचा वेगळा व्हॉल्यूम दिसायला लागला तो तेव्हापासून. (व्हिस्टाला लोकांनी भरपूर शिव्या घातल्या, पण ही एक गोष्ट त्यांनी चांगली केली असं माझं मत आहे.)

या नव्या व्यवस्थेत दोन दारं ठेवली. एक ‘शेअर्ड’ : सगळ्यांनी आपापला आवाज विंडोजकडे द्यायचा, विंडोज बेरीज करून कार्डाला देईल. दुसरं ‘एक्सक्लुझिव्ह’ : प्रोग्राम म्हणतो की मध्ये कुणी नको, कार्ड माझ्या एकट्याच्या ताब्यात द्या. संगीत बनवणाऱ्यांना हे दुसरं दार लागतं, कारण की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर त्यात कमी होतो. स्टुडिओची सॉफ्टवेअरं ज्या एसिओ ड्रायव्हरवर चालतात, त्यातले बरेचसे तर विंडोजच्या मिक्सरला बगल देऊन सरळ कार्डापर्यंत जातात. अडचण एवढीच की एकाने हे दार आतून लावलं की बाकी सगळे बाहेर.

बाहेर राहिलेला प्रोग्राम यूट्यूब असेल तर फार काही बिघडत नाही. पण नेहमी यूट्यूबच असतो असं नाही.

आर्वीजवळ माझ्या ओळखीचं एक कुटुंब आहे. थोरल्या मुलीला दिसत नाही. ती बँकेच्या परीक्षेची तयारी करते, सगळी डेस्कटॉपवर, एनव्हीडीए नावाच्या स्क्रीन रीडरच्या भरवशावर. स्क्रीनवर जे असेल ते हा प्रोग्राम वाचून दाखवतो. तो फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये तो सुरू केला, आणि त्याच्यासोबत येणारा ई-स्पीक आवाज मराठीही बोलतो. तिच्यासाठी मॉनिटर असला काय, नसला काय. आवाज हाच तिचा स्क्रीन.

एक दिवस तिचा फोन आला : “दादा, कॉम्प्युटर मुका झाला. दुकानवाला म्हणतो साउंड कार्ड गेलं, बोर्ड बदला.”

“रीस्टार्ट केल्यावर बोलतो का?”

“बोलतो. दोन दिवस चालतो, मग परत तसाच.”

कार्ड गेलं असतं तर दोन दिवस तरी कशाला बोललं असतं? मी विचारलं, आवाज जातो त्याच्या आधी कॉम्प्युटरवर कोण बसलेलं असतं. धाकटा भाऊ. तो जयंतीच्या मिरवणुकीसाठी रिमिक्स बनवत होता. त्याच्या सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘एक्सक्लुझिव्ह’ निवडलेलं होतं. तो काम संपवून खिडकी बंद करायचा, पण प्रोग्राम आत अडकून चालूच राहायचा आणि कार्ड सोडायचा नाही. त्यानंतर ताई बसली की एनव्हीडीए गप्प.

यात एक गोष्ट डोळसांच्या सहसा लक्षात येत नाही. आवाज गेला की आपण निदान स्क्रीन बघून सेटिंग शोधतो. तिला सेटिंग शोधायलाच आवाज लागतो. विंडोजचा स्वतःचा नॅरेटर सुरू करावा, तर त्यालाही तेच कार्ड हवं, म्हणून तोही मुका. भाऊ कॉलेजला गेलेला असेल तर पीसी रीस्टार्ट करण्याशिवाय तिच्या हातात काहीच उरत नाही, तेही अंदाजाने.

तर उपाय. भावाला मी आधी टास्क मॅनेजर उघडायला लावला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की तो उघडतो. बंद केलेलं सॉफ्टवेअर यादीत अजून जिवंत दिसत होतं. त्यावर ‘एंड टास्क’, मग कंट्रोल, ऑल्ट आणि एन दाबून एनव्हीडीए परत सुरू. आवाज आला. फॉरमॅट नाही, नवीन बोर्ड नाही.

पण उद्या परत तेच होऊ नये म्हणून सेटिंग बदलणं भाग होतं. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘साउंड सेटिंग्ज’ उघडा. विंडोज ११ मध्ये खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ आहे, विंडोज १० मध्ये ‘साउंड कंट्रोल पॅनल’. तिथे ‘प्लेबॅक’मध्ये तुमचा स्पीकर निवडा, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’. एक्सक्लुझिव्हच्या दोन टिक दिसतील. पहिली म्हणते, प्रोग्रामना हे डिव्हाइस एकट्याच्या ताब्यात घेऊ द्या. दुसरी म्हणते, असा प्रोग्राम आला तर त्याला प्राधान्य द्या, म्हणजे आधीच वाजत असलेल्यांनाही बाहेर काढा. तुम्ही स्टुडिओचं काम करत नसाल तर दोन्ही काढून टाका, काही बिघडत नाही. तिथेच ‘डिफॉल्ट फॉरमॅट’ आहे, म्हणजे बेरीज कोणत्या वेगावर करायची ते. कुणाच्या तरी व्हिडिओत बघून १,९२,००० वर नेलं असेल तर ४८,००० वर आणा. घरच्या स्पीकरवर फरक ऐकू येत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. या टिक काढल्या तरी विंडोजच्या मिक्सरला बगल देणारे ड्रायव्हर थांबत नाहीत, त्यांना त्यांच्याच सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन आवरावं लागतं. दुसऱ्यांसोबत वाटून घेणारा ड्रायव्हर बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळतो. एफएल स्टुडिओसोबत येणारा त्याचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर तसाच आहे. बीट बनवता बनवता यूट्यूबही ऐकू येतं.

आणि घरात खरोखर दोघांना दोन वेगळ्या गोष्टी लागत असतील, तर सगळ्यात पक्का उपाय म्हणजे दुसरं कार्ड. यूएसबीला लावायचं बोटाएवढं साउंड अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतं. आम्ही तेच केलं. एनव्हीडीएच्या नव्या आवृत्त्यांत ‘सेटिंग्ज’मध्ये ‘ऑडिओ’ आहे, तिथे आउटपुट म्हणून ते अडॅप्टर निवडलं. आता ताईचा हेडफोन अडॅप्टरवर आणि भावाचे स्पीकर मदरबोर्डवर. त्याने मदरबोर्डचं कार्ड कितीही घट्ट धरलं तरी एनव्हीडीए बोलतच राहतो.

तुमच्याकडे स्क्रीन रीडर नसेल, पण आवाजाचं असंच काही असेल, तर आधी दुखणं नीट ओळखा. रीस्टार्टनंतर आवाज येतो आणि ठरावीक प्रोग्राम उघडला की जातो? मग प्रश्न वाटणीचा आहे. रीस्टार्टनंतरही कशालाच आवाज नाही? मग बघा आवाज जातोय कुठे. एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडला की विंडोज कधी कधी आवाज मॉनिटरकडे पाठवतं, मग त्या मॉनिटरला स्पीकर असो-नसो. कॉल सुरू झाला की बाकी सगळं एकदम बारीक होतं? ते बिघाड नाहीच. त्याच साउंडच्या खिडकीत ‘कम्युनिकेशन्स’ नावाचा टॅब आहे. कॉल चालू असल्याचं विंडोजला कळलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करायचे, हे तिथे आधीपासून ठरलेलं असतं. ‘डू नथिंग’ निवडा. कितीतरी जणांनी यासाठी हेडफोन बदललेत.

जुन्या पीसीवर लिनक्स टाकलेलं असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे बरीच वर्षं खरोखर ‘ज्याची पिन त्याचा आवाज’ असंच चालायचं. गाणं सुरू असेल तर दुसऱ्या प्रोग्रामला ‘डिव्हाइस बिझी’ असं उत्तर मिळायचं. मग पल्सऑडिओ नावाचा मिक्सर आला. फेडोराने तो २००७ मध्ये घेतला, उबुंटूने २००८ मध्ये, आणि सुरुवातीला त्यानेही लोकांना भरपूर रडवलं. आता त्याची जागा पाइपवायर घेतोय : फेडोरात २०२१ पासून, उबुंटूत २०२२ च्या ऑक्टोबरपासून. आजही अडकलात तर बहुधा कारण एकच असतं, एखादा प्रोग्राम मिक्सरला सोडून थेट कार्ड उघडतोय. त्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये कार्डाच्या नावाऐवजी ‘डिफॉल्ट’ निवडा.

आता माइक. विंडोजमध्ये माइकही वाटता येतो. मीटिंग सुरू असताना दुसऱ्या प्रोग्रामने रेकॉर्डिंग करता येतं, फक्त ‘रेकॉर्डिंग’ टॅबमधल्या माइकच्या प्रॉपर्टीजमध्येही त्या दोन टिक असतात, त्या बघून घ्या. अँड्रॉइड मात्र इथे फार कडक आहे. स्पीकरवर तो दोन अ‍ॅप्सचा आवाज एकत्र करतो; गाणं खाली-वर होणं हा अ‍ॅप्सनी एकमेकांना दिलेला मान असतो. माइकच्या बाबतीत तसं नाही. अँड्रॉइड १० च्या आधी ज्याने पहिला माइक घेतला त्याचाच. आता नियम बदलले, पण दोन साध्या अ‍ॅप्सना एकाच वेळी तुमचा आवाज मिळत नाही. समोर उघडं असलेल्या अ‍ॅपला खरा आवाज, मागच्याला नुसती शांतता. ऑनलाइन क्लास चालू असताना मागे रेकॉर्डर लावला आणि फाइल रिकामी निघाली, तर त्याचं कारण हे असू शकतं. ही गोपनीयतेसाठी मुद्दाम घातलेली अडकाठी आहे, त्यामुळे ती चुकवणारं अ‍ॅप शोधत बसू नका.

ब्लूटूथ हेडसेट पीसीला जोडल्यावर मीटिंग सुरू होताच गाणं जुन्या लँडलाइनसारखं ऐकू येत असेल, तर तोही वाटणीचाच प्रकार आहे, पण हवेतला. ब्लूटूथच्या जुन्या पद्धतीत चांगला आवाज आणि माइक दोन्ही एकदम जात नाहीत. माइक सुरू झाला की हेडसेट कॉलच्या हलक्या दर्जावर उतरतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून वेबकॅमचा किंवा लॅपटॉपचा माइक निवडा, स्पीकर म्हणून हेडसेट राहू द्या. आवाज लगेच सुधारतो.