एकवीस हालचालींचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमच्या दहा वर्षांच्या नातीला कराटेच्या पट्टापरीक्षेत अनुत्तीर्ण ठरविण्यात आले. शाळेच्या परीक्षेत कधी न रडलेली मुलगी त्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत रडत होती. जावईबापूंची कापडाची पेढी आहे. त्यांचा प्रश्न सरळ व्यवहाराचा होता. ''फी आगाऊ भरली, एकही वर्ग चुकविला नाही, मग पट्टा का नाही?'' सारा जन्म बँकेत काढलेल्या मला हा प्रश्न परका नव्हता. दुसऱ्या सायंकाळी मी तिच्या शिक्षकांकडे गेलो.

त्यांनी उत्तर दिले नाही. खडूने फरशीवर एक फुली काढली, नातीला तीवर उभे केले आणि 'हेआन शोदान' करण्यास सांगितले.

हेआन शोदान हा शोतोकान पद्धतीतील अगदी आरंभीचा 'काता'. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या दिशांना करावयाच्या बचावाच्या व प्रहाराच्या हालचालींची मालिका. समोर प्रतिस्पर्धी नसतो. तो कल्पनेने पाहावयाचा. या कात्यात एकवीस हालचाली आहेत. डावीकडे वळून खालचा वार अडवायचा, एक पाऊल पुढे टाकून ठोसा. मग मागे वळून तसेच उजवीकडे. त्यानंतर मधल्या रेषेवर तीन पावले पुढे, प्रत्येक पावलाला डोक्यावरचा वार अडवीत. तिसऱ्या पावलाला पोटातून हुंकार. पुन्हा दोन्ही बाजू, आणि त्याच मधल्या रेषेवरून तीन ठोसे मारीत तीन पावले परत. शेवटी उघड्या पंजाने चार बचाव.

माझ्या ध्यानात आले ते एवढेच : तीन पावले गेली, तीन पावले आली. जमा आणि खर्च समान. सगळी पावले एका मापाची पडली, तर काता जेथून सुरू झाला तेथेच संपतो. आमची नात फुलीपासून सव्वा फूट दूर उभी होती. जाताना पावले लांब पडली होती, परतताना दमल्यामुळे आखूड. बँकेत सायंकाळी रोकड जुळेना की कोणी फरक खिशातून भरून घरी जाऊ शकत नसे; चूक शोधावी लागे. मी मुकाट्याने घरी आलो आणि जावयांना फुलीची गोष्ट सांगितली.

पुढे कुतूहलाने थोडे वाचन केले. कराटेची भूमी ओकिनावा बेट. तेथील इतोसू आन्को यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही विद्या शाळांतून शिकविली जावी यासाठी खटपट केली आणि मुलांना झेपतील असे पाच काते रचले. त्यांचे नाव 'पिनान'. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन 1922 मध्ये जपानच्या मुख्य भूमीवर गेले. त्यांनी या मालिकेला 'हेआन' हे नाव दिले, ज्यात शांततेचा अर्थ आहे, आणि पहिल्या दोन कात्यांचा क्रम उलटा केला. कारण मूळचा पहिला नवशिक्यास अवघड जाई. म्हणजे आज जो पहिला शिकविला जातो, तो मुळात दुसरा. अनुभवी शिक्षकाची ही दृष्टी मला फार आवडली.

आमच्या सौभाग्यवतींची हरकत निराळी होती : मारामारीचे शिक्षण आपल्या घरात कशाला? तिला मी दाखवून दिले की पाचही हेआन बचावाने सुरू होतात, प्रहाराने एकही नाही. कराटेत पहिला हात आपला नसावा, हा फुनाकोशींचा नियमच होता. तिचे पूर्ण समाधान झाले असे म्हणवत नाही. पण डबा देऊ लागली.

शोतोकानमध्ये साधारणपणे एका पट्ट्यामागे एक हेआन असा क्रम चालतो. पाच झाले की 'तेक्की शोदान' येतो. त्यात घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून केवळ आडव्या रेषेत सरकायचे असते. पुढे 'बास्साई दाई', आणि मग काळ्या पट्ट्याची वेळ. रंगीत पट्ट्यांना मुले व पालक फार महत्त्व देतात. वास्तविक पट्ट्यांची प्रथा ज्युदोकडून आली. फुनाकोशींनी पहिले काळे पट्टे दिले ते 1924 मध्ये. त्यांच्या स्वतःच्या उमेदवारीत पट्टाच नव्हता. रात्रीच्या वेळी गुरू आझातो यांच्या अंगणात एकच काता आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने करावयाचा. गुरू पाहत बसत आणि पुन्हा कर म्हणत. तेक्कीचे तीन काते शिकण्यास त्यांना दहा वर्षे लागली.

हल्ली काही वर्गांत दर तीन महिन्यांनी नवा पट्टा ठरलेलाच असतो. पालक खूश, वर्गही भरलेला. मला मात्र तो खात्यात शिल्लक नसताना दिलेल्या धनादेशासारखा वाटतो. ज्यांनी नातीला थांबविले, त्या शिक्षकांनी तीन महिन्यांची फी पुढच्या परीक्षेवर अवलंबून असताना हे केले, याचे मोल व्यापारी माणसाला सांगावयास नको. जावयांनी पुढची फी भरली, तीही कुरकुर न करता.

आता नात रोज सकाळी गच्चीवर रुपयाच्या नाण्यावर उभी राहून सुरुवात करते. संपल्यावर मी वीत लावून फरक मोजतो. परीक्षा पुढील महिन्यात आहे. काल फरक चार बोटे होता, आणि तो तिने माझ्याआधी मोजला.