दादाच्या गाडीला तेलाचा डबा हवा का?

दोस्तांनो, घरात टर्बोची गाडी आली, आणि आता दादा ‘कॅच कॅन’ बसवायचं म्हणतोय? थांबा, आधी समजून घ्या.

पेट्रोल पेटलं की थोडा वायू पिस्टनच्या रिंगांजवळून खाली, तेलाच्या बाजूला निसटतो. टर्बो हवा कोंबतो, म्हणजे दाब जास्त. हा वायू बाहेर सोडला तर प्रदूषण. म्हणून नळीतून तो परत इंजिनात जातो. सोबत तेलाचे बारीक थेंबही! कॅच कॅन म्हणजे त्या नळीत मध्येच जोडलेला डबा. थेंब त्यात साचतात.

आता गंमत पाहा. २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं. हवा आत घेणाऱ्या झडपा पेट्रोलने धुतल्याच जात नाहीत, त्यांवर काजळी धरते. तिथे डब्याने काजळी कमी होऊ शकते. थांबत मात्र नाही. २०१७ च्या पेट्रोल नेक्सॉनमध्ये फवारा झडपांच्या अलीकडेच उडतो. मग तिथे कशाला उगाच खर्च?

शिवाय नळी तुंबली तर दाब वाढून सीलमधून तेल गळतं. वॉरंटीचंही आधी विचारलेलं बरं.

आणि दादाला एक विचाराच : डबा वेळच्या वेळी रिकामा कोण करणार?