गनिमी कावा, नामिबियातला

मंडळी, बर्लिनच्या वेडिंग भागात गेलात तर 'कॉर्नेलियस-फ्रेडरिक्स-श्ट्रासं' ही पाटी जरूर पाहा. २ डिसेंबर २०२२ पर्यंत हा रस्ता ल्युडरिट्झ या जर्मन व्यापाऱ्याच्या नावाने होता. आम्हा इंजिनियर मंडळींना त्याची गोष्ट चांगलीच झोंबते. १८८३ मध्ये त्याने आजच्या नामिबियात नामा लोकांकडून किनाऱ्यापासून २० मैलांची पट्टी विकत घेतली. नामांना ठाऊक असलेला मैल इंग्रजी, म्हणजे १.६ किलोमीटरचा. ल्युडरिट्झने धरला जर्मन मैल, सुमारे ७.४ किलोमीटरचा! फ्रेडरिक्स हे याच नामांचे पुढच्या पिढीतले लढवय्ये. ते १९०७ मध्ये जर्मन छळछावणीत वारले.

व्यापाऱ्यामागून फौज आली. नामांचे दुसरे पुढारी हेन्ड्रिक विटबोई यांनी जर्मन 'संरक्षण' नाकारलं. १२ एप्रिल १८९३ रोजी पहाटे सुमारे २०० जर्मन सैनिकांनी त्यांच्या हॉर्नक्रान्स गावावर अचानक गोळीबार केला. सुमारे ८० माणसं मेली, बहुतेक बायका आणि मुलं.

विटबोई निसटले, आणि पुढे जे घडलं ते आपल्याला ओळखीचं वाटेल. समोरासमोर लढायचं नाही, शत्रूचे घोडे पळवायचे, रसदीच्या गाड्या लुटायच्या आणि डोंगरात नाहीसं व्हायचं. पाणी कुठे आहे हे नामांना माहीत, जर्मनांना नाही. शेवटी तोफा आणि जादा कुमक आणून नाउक्लुफ्ट डोंगरात त्यांना घेरलं, तेव्हा सप्टेंबर १८९४ मध्ये तह झाला. तरीही विटबोईंनी आपली हत्यारं राखली. तहापोटी पुढची दहा वर्षं त्यांना जर्मनांना माणसं पुरवावी लागली. १९०४ मध्ये ते पुन्हा उठले आणि १९०५ मध्ये लढताना पडले.

फ्लोरिडाच्या दलदलीत सेमिनोलांनी १८३५ ते १८४२ अमेरिकन सैन्याला असंच दमवलं. आणि आपल्या पुरंदरच्या डोंगरात उमाजी नाईक! रामोशांची पिढीजात राखणदारी इंग्रजांनी काढून घेतली, तेव्हा त्यांनी हत्यार उचललं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात त्यांना फाशी दिलं गेलं. फौज मोठी असली तरी डोंगर तिच्या ओळखीचा नसतो, हे तिघांनाही ठाऊक होतं.

हॉर्नक्रान्सच्या लुटीतलं विटबोईंचं बायबल श्टुटगार्टच्या संग्रहालयातून २०१९ मध्ये नामिबियाला परत गेलं. मुलांना घेऊन त्या पाटीखाली उभे राहाल तेव्हा विटबोईंबरोबर उमाजींचीही गोष्ट सांगा. एकीमुळे दुसरी त्यांना लवकर समजेल.